बेघरांची मोजणी आणि निवाऱ्याची जागा: नवी मुंबईतला अनुभव

निवाऱ्याचा आराखडा करायला बसलं की आधी हाती येतो तो लोकसंख्येचा हिशेब. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय सांगितली आहे. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या सुमारे ११.२० लाख, म्हणजे साधारण ११०० माणसांची सोय. कागद इथेच पूर्ण होतो. पण ही सोय कुठे आणि कुणासाठी, ते रात्री फिरल्याशिवाय कळत नाही.

मोजणीसाठी आम्ही रेल्वे स्थानकांप्रमाणे पट्टे पाडले: ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर. सगळीकडे एकाच रात्री, अकराच्या पुढे. वेगवेगळ्या रात्री मोजलं की आज वाशीत पुलाखाली झोपलेला माणूस उद्या सानपाड्याच्या यादीत पुन्हा चढतो. झोपलेल्याला उठवायचं नाही. डोकी मोजायची, सोबत बाई आहे का, लेकरं आहेत का, एवढं टिपायचं; प्रपत्र सकाळी चहाच्या टपरीवर भरायचं. पोलीस ठाण्याला आधी पत्र हवंच, नाहीतर गस्तीची गाडी माणसांना हुसकावते आणि मोजायला कुणी उरत नाही.

तरीही रात्रीच्या मोजणीतून एपीएमसीतली, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीच्या घाऊक बाजारातली माणसं निसटतात. भाजीच्या गाड्या मध्यरात्रीनंतर खाली होतात. पाटीवाले, हमाल तेव्हा कामावर असतात आणि दुपारी गाळ्यांच्या आडोशाला पथारी टाकतात. बाजाराच्या आवारात म्हणून दुपारची वेगळी फेरी लागते. सकाळी सगळ्यांना बाहेर काढून कुलूप लावणारा निवारा या माणसाच्या काय उपयोगाचा? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशांतही निवारे चोवीस तास आणि बारमाही चालावेत, असंच म्हटलं आहे.

मोसमही बघावा लागतो. नाक्यावरचे बरेच मजूर पेरणीला गावी जातात आणि दिवाळीनंतर परततात. जूनमध्ये मोजलं तर आकडा कमी येणारच, शिवाय पावसात माणसं पुलाखाली, फलाटावर सरकलेली असतात, त्यामुळे ठिकाणंही चुकतात. एकदाच मोजायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारी बरा. २०११ च्या जनगणनेतली बेघरांची नोंदही २८ फेब्रुवारीच्या रात्रीच झाली होती.

खरं घोडं अडतं जागेवर. माणशी ५० चौरस फूट धरले तर पन्नास जणांना २५०० चौरस फूट लागतात. स्वयंपाकघर, मोरी, संडास वेगळे. नकाशावर मोकळी दिसलेली जागा कुणाच्या नावावर आहे हे आधी काढावं. इथे भूखंड शहर वसवणाऱ्या सिडको महामंडळाचा असू शकतो, तुर्भे-महापे भागात एमआयडीसी या औद्योगिक महामंडळाचा, आणि सायन-पनवेल महामार्ग तर महापालिकेचा नाहीच. वापरात नसलेलं समाजमंदिर किंवा शाळेची जुनी इमारत बहुधा लवकर हाती लागते. मात्र ती कामाच्या ठिकाणापासून चालत जाण्याच्या अंतरावर हवी. पहाटेच्या कामासाठी रिक्षाचे पैसे घालावे लागले तर हमाल पुन्हा गाळ्यापाशीच झोपणार. स्वस्तात मिळाली म्हणून शहराच्या टोकाची जागा घेणं आम्हाला तरी पटत नाही.

पुरुषांचा एक हॉल, बायकांचा एक हॉल एवढ्यावर भागत नाही. नवरा-बायको आणि दोन पोरं असं कुटुंब वेगळं झोपायला तयार होत नाही, ते पुलाखालीच राहतं. कुटुंबांसाठी आडोसा केलेल्या खोल्या लागतात. बोचकं ठेवायला कुलपाचा कप्पा लागतो, भंगारवाल्याला हातगाडी लावायला दारात जागा लागते. या दोन गोष्टी अंदाजपत्रकात पहिल्या दिवशीच घालाव्यात, मागाहून त्यांना पैसे सुटत नाहीत.

दारात आधार कार्ड मागू नये. कागद आत आल्यावर करता येतात. मतदार यादीसाठी तर बेघराला पत्त्याचा पुरावाही लागत नाही: नमुना ६ मध्ये झोपण्याचं ठिकाण लिहायचं, मतदान केंद्रस्तरीय अधिकारी एकाहून जास्त रात्री तिथे येऊन खात्री करतो. अर्ज भरल्यावर त्या माणसाने तेवढ्या रात्री जागा बदलू नये, हे मात्र त्याला बजावून सांगावं लागतं.