माहेरच्या नावाची प्रमाणपत्रं आणि कोचिंगचा कोर्स : माझा अनुभव

खेळ सोडून बरीच वर्षं झालेल्या आणि आता कोच व्हायची इच्छा असलेल्या मुलींसाठी हे लिहितेय. अभ्यासाला घाबरू नका, तो जमतो. मला रडवलं ते एका कागदाने, आणि तो राग अजून गेलेला नाही.

मी लांब पल्ल्याची धावपटू. शाळेत 1500 आणि 3000 मीटर, कॉलेजात 5000 आणि क्रॉस कंट्री. 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत नाशिकच्या कविता राऊतने 10,000 मीटरमध्ये कांस्य जिंकलं, त्या रात्री आम्हा पोरींना झोप नव्हती. पुढे लग्न, मूल, आणि धावणं सुटलं. 2016 मध्ये माणदेशातली ललिता बाबर रिओ ऑलिम्पिकच्या स्टीपलचेस (अडथळे ओलांडत पळायची शर्यत) फायनलला पोचली. पी. टी. उषानंतर तब्बल 32 वर्षांनी एक भारतीय मुलगी ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत! त्यानंतर आमच्या मैदानावर मुली वाढल्या. त्यांच्या आया मला एकच विचारायच्या, "बाहेरगावी स्पर्धा असली की सोबत बाई कोण?" कोणीच नसायचं. म्हणून मी उभी राहिले, आणि नीट शिकून उभं राहायचं म्हणून पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा कोर्स करायचं ठरवलं.

अर्जासोबत खेळल्याचा पुरावा लागतो. माझ्याकडे फाइलभर होता. पण सगळा 'कुमारी' आणि माहेरच्या आडनावाचा. आधार, पॅन, बँक सगळं सासरच्या नावाचं. विवाह नोंदणी दाखला जोडला की झालं, असं वाटलं होतं. तरी कोणी शंका काढू नये म्हणून, ज्यांनी प्रमाणपत्र दिलं होतं त्या कार्यालयाकडून 'ही तीच खेळाडू' एवढं पत्र घ्यायचं ठरवलं. दोन ओळींचं पत्र.

खिडकीवरच्या माणसाने प्रमाणपत्र उलटंपालटं करून पाहिलं. "ताई, हे तुमचं नाही."

मी दाखला पुढे केला. तो म्हणाला, राजपत्र आणा. राजपत्रात नावबदल छापून आणला, तर म्हणे प्रमाणपत्रावर वडिलांच्या नावाची फक्त आद्याक्षरं आहेत, दाखल्यावर पूर्ण नाव आहे, प्रतिज्ञापत्र करा. ते केलं, तर सही करणारे साहेब दौऱ्यावर. साहेब आले, तर त्यांनी नवाच मुद्दा काढला: क्रॉस कंट्रीच्या प्रमाणपत्रावर वेळ का नाही? अहो, क्रॉस कंट्री शेतातून, चढावरून, चिखलातून पळतात. प्रत्येक ठिकाणचा मार्ग वेगळा, तिथे महत्त्व क्रमांकाला. हे मला खेळाच्या कार्यालयात समजावून सांगावं लागलं. पुरुष खेळाडूंची कामं माझ्यासमोर होत होती. त्यांचं नाव विशीतही तेच आणि चाळिशीतही तेच. माझ्या फुफ्फुसांनी, माझ्या पायांनी काढलेला क्रमांक, आणि मीच ती मुलगी असल्याचं सिद्ध करत बाकावर बसून राहायचं! मला तेव्हा जेवढं अपमानास्पद वाटलं तेवढं कुठलीही शर्यत हरून वाटलं नव्हतं. अर्जाची मुदत जवळ येत होती आणि रोज एकच उत्तर, "बघू."

वाट मोकळी झाली ती एका फोटोमुळे. माझ्या भावाने स्पर्धेचा फोटो जपून ठेवला होता. त्यात मी शेवटच्या चढावर आहे आणि छातीवरचा चेस्ट नंबर स्वच्छ वाचता येतो. तो घेऊन गेले आणि म्हटलं, तुमचं त्या वर्षीचं निकालाचं रजिस्टर काढा. आधी नाही म्हणाले. मग तिथल्या निवृत्तीला आलेल्या एका शिपाईमामांनी स्वतःहून कपाटातून ते काढून धूळ झटकून टेबलावर ठेवलं. नंबर जुळला, नाव जुळलं, क्रमांक जुळला. पत्र त्याच दिवशी टाइप झालं. जे इतके दिवस होत नव्हतं ते चहा निवायच्या आत झालं, आणि मला आनंदापेक्षा संतापच जास्त आला.

कोर्स चांगला झाला. संस्था जुन्या मोतीबाग राजवाड्यात आहे, सकाळी मैदान आणि मग वर्ग. माझ्या सगळ्यात उपयोगी पडलं ते शरीरशास्त्र. आपल्याकडे निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. लांब पल्ल्याच्या मुलीचं लोह पाळीत जातं, घामात थोडं जातं, शिवाय जेवणात कमी. मग ती दोन फेऱ्यांतच मागे पडते आणि कोच म्हणतो, आळशी झाली. माझ्याकडची मुलगी अचानक मंदावली की मी आता आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यायला लावते, ओरडत नाही.

आता कामाचं. राजपत्राला वेळ लागतो, त्यामुळे कोर्सची जाहिरात येण्याआधीच ते काम सुरू करा. प्रमाणपत्र हातात पडलं की तिथेच, मैदान सोडायच्या आत, नाव जन्मदाखल्यासारखं पूर्ण लिहिलंय का बघा. घरी हाक मारायचं नाव चुकूनही नको. निकालाच्या यादीचा फोटो काढा आणि चेस्ट नंबरसकट स्वतःचाही. माझ्या मुलींचे असे फोटो मी स्वतः काढून ठेवते, स्पर्धा तालुक्याची असली तरी. कार्यालयात दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, तोंडी "बघू" वर परत फिरू नका. मूळ प्रत कोणाच्याही टेबलावर सोडून येऊ नका.

आणि हो, हे राहिलंच होतं: प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका. मागच्या बाजूला सही-शिक्का मारायला जागाच उरत नाही.