लिमरिकमधली रांग

आयर्लंडमधल्या लिमरिक शहरातलं आमचं कॅफे रविवारी निवांत उशिरा उघडतं. 21 जानेवारी 2018 च्या रविवारी मात्र मालकीणबाईंनी आम्हा सगळ्यांना सकाळीच बोलावून घेतलं. 'क्रॅनबेरीज' या रॉक बँडची गायिका डोलोरेस ओ'रिऑर्डन हिचं पार्थिव जवळच्याच सेंट जोसेफ चर्चमध्ये अंत्यदर्शनासाठी ठेवणार होते. आदल्या सोमवारी ती लंडनमध्ये गेली, अवघ्या 46 व्या वर्षी. हा बँड मूळचा आमच्या लिमरिकचा, त्यामुळे गर्दी होणार हे उघड होतं. पण इतकी?

दुपारपर्यंत दूध दोनदा आणायला पळावं लागलं. चर्चमध्ये तिचीच गाणी लावली होती, तिथून बाहेर पडलेली माणसं थेट आमच्याकडे येत. पोरं, आज्या, लांबून विमानाने आलेले चाहते. एका बाईची बोटं थंडीनं इतकी आखडली होती की तिला कपाचं झाकण बसवता येईना. मी बसवून दिलं, तर तिला रडूच फुटलं. अशा वेळी काय बोलायचं असतं? मी एक स्कोन, म्हणजे छोटा गोडसर पाव, तिच्यापुढे सरकवला.

काउंटरच्या टोकाला पन्नाशीकडे झुकलेला एक गृहस्थ बसून होता. क्रॅनबेरीज सुरू झाले त्या काळी त्याचाही बँड होता म्हणे, याच शहरात. "आम्ही यांच्यापेक्षा बरे वाजवायचो," असं त्यानं मी न विचारताच सांगितलं. मग त्यांची सगळी गोष्टच ऐकवली. नोएल आणि माइक हे होगन बंधू, ड्रमवर फर्गल लॉलर; 1989 साली त्यांनी बँड काढला तेव्हा गायक दुसराच होता. तो सोडून गेला आणि 1990 मध्ये बॅलीब्रिकन गावची, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी ही 18 वर्षांची मुलगी स्वतःचा कीबोर्ड घेऊन ऑडिशनला आली. नोएलनं एका चालीचे कॉर्ड्स तिला दिले. ती घरी गेली आणि परत आली ती शब्द लिहूनच. तेच 'लिंगर' हे गाणं.

"डेमोच्या, म्हणजे नमुन्याच्या गाण्यांच्या, 300 कॅसेट काढल्या होत्या. लिमरिकच्या दुकानांतून चार दिवसांत संपल्या. एक मी घेतली. जळत जळत घेतली," तो म्हणाला.

मला वाटायचं, तिथून गाडी सुसाट सुटली असेल. कसली सुटतेय! लंडनच्या आयलंड रेकॉर्ड्सनं करार केला खरा, पण पहिली ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड, पडली. मार्च 1993 मध्ये आलेल्या पहिल्या अल्बमकडेही सुरुवातीला कुणी फारसं पाहिलं नाही. मग बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला, 'स्वेड' या इंग्लिश बँडच्या आधी वाजवायला. तिथे एमटीव्हीनं 'लिंगर' उचलून धरलं आणि मुख्य बँड राहिला बाजूला, लोक यांनाच ऐकायला येऊ लागले. अमेरिकेत गाणं आठव्या क्रमांकापर्यंत चढलं तेव्हा कुठे ब्रिटन जागं झालं. तोच अल्बम 1994 मध्ये तिथे पहिल्या क्रमांकावर गेला. बाहेरच्यांनी डोक्यावर घेतल्याशिवाय घरचे बघत नाहीत, हे आपल्याकडचंच दुखणं आहे असं मी समजत होते.

'झॉम्बी' हे गाणं त्यानंतरचं. पुण्यात कॉलेजच्या रॉक स्पर्धेत ते प्रत्येक बँड किंचाळायचा. इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनला आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेच्या बॉम्बस्फोटात दोन लहान मुलं गेली, त्या संतापातून तिनं ते लिहिलं, हे तेव्हा आमच्यापैकी किती जणांना ठाऊक होतं कोण जाणे. माझ्या मते तिचा खरा ऐवज तो फुटणारा, हेलकावणारा आवाज. शब्दांतली लिमरिकची बोली तिनं झाकली नाही. तिची नक्कल करणाऱ्यांना नेमकं तेच जमत नाही.

हे मी त्या गृहस्थाला बोलून दाखवलं. शेजारी बसलेला टॅक्सीवाला लगेच मध्ये पडला, "झॉम्बी ओरडायला ठीक आहे, गाणं म्हणजे लिंगर!" दोघांची जुंपली. मागे ऑर्डरी तुंबलेल्या, मालकीणबाई डोळे वटारतायत.

"ती कॅसेट आहे का अजून?" जाता जाता मी विचारलं.

"आहे की. बायकोनं विकायला काढली होती. दिली नाही," असं म्हणून त्यानं आणखी एक चहा मागितला आणि टॅक्सीवाल्याचेही पैसे त्यानंच दिले.