लाकूड न जाळता

मी काय काम करते, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी ‘बायोमासवर, म्हणजे लाकूड, पेंढा अशा वनस्पतिजन्य मालावर संशोधन करते’ एवढं म्हणून मी विषय बदलते, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो: लाकूड पेटवलं की उष्णता मिळतेच, त्यात संशोधन कसलं?

पेटवायचं नाही, हेच तर आमचं काम. रिअ‍ॅक्टरमध्ये हवेला मज्जाव. आत फक्त नायट्रोजन सोडलेला असतो. 500 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या वाळूत भुसा पडतो. ऑक्सिजनच नसल्यामुळे तो पेट घेत नाही. त्यातले लांबलचक रेणू तुटतात आणि वाफ होते. ती दोनेक सेकंदांत गार करायची. उशीर झाला की तुकड्यांचे आणखी तुकडे होतात आणि हाती नुसता गॅस राहतो. वेळ साधली तर काळपट तपकिरी द्रव जमतो, तेच बायो-ऑइल. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या 60 ते 75 टक्के. हा आकडा ऐकला की समोरच्याचे डोळे चमकतात, आणि मग मला पुढचं सांगणं जिवावर येतं.

नाव ऑइल, पण तेलकटपणा औषधालाही नाही. त्यात 15 ते 30 टक्के पाणी असतं. आंबट इतकं, की साधं पोलाद गंजतं. धुराचा वास तर माझ्या कोटातून दोन धुण्यांतही जात नाही. सुक्या लाकडात वजनाने 40 टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन असतो आणि त्यातला बराचसा या द्रवात उतरतो. म्हणून किलोमागे डिझेलच्या निम्मीही उष्णता मिळत नाही. उकळून घटक वेगळे करायला जावं, तर तळाशी कोळसा.

पहिल्याच वर्षी मी एक बाटली लांबच्या सुट्टीत खिडकीजवळच्या फळीवर विसरले. परत येऊन पाहते तर वर पाणी आणि खाली डांबरासारखा चिकट थर. बाटली उलटी केली तरी तो जागचा हलेना. मुकाट्याने पुन्हा भुसा चाळायला बसले. तेव्हापासून आमच्या बाटल्या फ्रीजमध्ये.

ऑक्सिजन काढता येतो. पण त्याला हायड्रोजन लागतो, आणि आज तो बहुतेक नैसर्गिक वायूपासूनच बनतो. झिओलाइटसारखा, म्हणजे सच्छिद्र खनिजाचा उत्प्रेरक वापरावा, तर त्याची सूक्ष्म छिद्रं काजळीने बुजतात. घोडं पेंड खातं ते इथे.

खरं सांगू का, हे सगळं जाळण्यासाठी करावं असं मला वाटत नाही. पेट्रोलियमपासून रसायनं बनवणारे रेणूत ऑक्सिजन घालायला खटपट करतात, आणि आमच्याकडे तो आयता आहे. फरफ्युरल घ्या. रेझिन आणि द्रावकांसाठी लागणारं हे रसायन अमेरिकेत क्वेकर ओट्स कंपनी 1920च्या दशकापासून ओटच्या टरफलांतून काढत होती. लिग्निनची कथा मात्र वेगळी. लाकडाला ताठ ठेवणाऱ्या या घटकाबद्दल आमच्या धंद्यातला जुना विनोद आहे: लिग्निनपासून काहीही बनवता येतं, पैसे सोडून.

‘मग कारखाना कधी?’ त्याचं असं आहे, की प्रयोगशाळेतला भुसा चाळलेला, वाळवलेला, लाडावलेला असतो. कारखान्यात येईल तो शेतातला पेंढा तसा नसतो. तो ओला असतो, मातीने भरलेला असतो, आणि त्यात पोटॅशियम भरपूर असतं. पोटॅशियम वाफेतले रेणू भलत्याच ठिकाणी तोडतं; द्रव घटतो, कोळसा आणि गॅस वाढतो. पाण्याने धुतलं तर त्यातलं बरंचसं निघून जातं. त्यामुळे इतकं शिकून सध्या माझा निम्मा दिवस पेंढा धुण्यात जातो. धुतल्यावर द्रव वाढतो खरा, पण मग तो पेंढा वाळवायला लागणारी उष्णता हिशेबात कुठे धरायची, यावर माझा आणि माझ्या मार्गदर्शकांचा वाद अजून चालू आहे.