पट्टा मीच सांगितला होता

सकाळी सव्वासातला आप्पांचा फोन आला. "डॉक्टर, घोडीनं रात्री नवरदेव पाडला. विकून टाकतो म्हणतोय. त्याआधी एकदा बघून जावा."

नवरदेवाचं कोपर खरचटलं होतं आणि फेटा सुटला होता, तेवढंच. पण मुलाकडच्यांनी पैसे बुडवले होते आणि पुढच्या दोन तारखा गेल्या होत्या. ऐन मे महिन्यात वरातीच्या घोड्याच्या दोन तारखा जाणं म्हणजे काय, ते सोलापुरात वेगळं सांगायला नको.

आप्पांची घोडी अक्कलकोट रोडला, यंत्रमागांच्या मागच्या बोळात असते. आठ बाय दहाची पत्र्याची खोली, आणि पत्रा सकाळीच तापलेला. शेजारी मागांचा खडखडाट. पांढरीशुभ्र नुकरी घोडी अगाडी-पिछाडी बांधून भिंतीकडे तोंड करून उभी. दाराला लिंबू-मिरची, गळ्यात काळा दोरा आणि दोऱ्याच्या वर चामड्याचा जाड पट्टा.

तो पट्टा बघून मी जरा वरमलोच. सात महिन्यांपूर्वी तो मीच सांगितला होता.

आप्पांनी ही घोडी अकलूजच्या घोडेबाजारातून आणली. भोवरे तपासले, चाल बघितली, दातांवरून वय काढलं. वरच्या पुढच्या दातांची कड झिजलेली होती, ती मात्र कुणाच्या डोळ्यात आली नाही. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. घोडी गव्हाणीच्या फळीवर वरचे दात टेकायची, मान ताणायची आणि घशातून 'हुक्' असा आवाज काढून हवा ओढायची. आप्पा म्हणाले, "वारा पितीय." मी त्या दिवशी घाईत होतो. खोड आहे, गळ्याला पट्टा आवळा म्हणालो आणि निघून आलो. पट्ट्यानं मान ताणता येत नाही, म्हणून खोड बंद होते. ती लागली कशानं, हे मी विचारलंच नव्हतं.

आता घोडीनं माणूस पाडल्याचं ऐकल्यावर पहिली शंका रेबीजची. कुत्रं चावलं का, लाळ गळते का, पाणी पिते का, सगळं विचारलं. हातमोजे घालून जवळ गेलो. माझ्यासमोर तिनं अर्धी बादली पाणी प्यालं, चाल सरळ होती, जबडा ठीक होता. दाढांना टोकं आली असतील तर लगाम टोचतो, म्हणून तेही चाचपलं. विशेष काही नव्हतं. नाडी मात्र ४८. निवांत उभ्या घोड्याची २८ ते ४४ असते.

मग आप्पांना म्हटलं, खोगीर चढवा. खोगिरापर्यंत घोडी गप्प होती. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, ओढायला घेतला आणि तिनं कान मागे टाकून आप्पांच्या दंडाकडे तोंड घातलं. काल रात्री डीजेच्या गोंगाटात, नवरदेव वर बसल्यावर तंग सैल वाटला म्हणून आप्पांच्या पोरानं तो आणखी एक भोक आवळला होता. घोडी तिथंच दोन पायांवर उभी राहिली.

मी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसलो. पट्टा काढायला लावला, आणि रोजच्यासारखी चंदी घाला म्हणालो. भिजवलेला हरभरा, गव्हाचा भुसा, वर मूठभर गूळ. दहा मिनिटांत चाटूनपुसून संपलं. मग घोडी फळीला भिडली. हुक्, हुक्, हुक्. मी मोजत होतो. पंचवीस मिनिटांत चौसष्ट. चारा कधी, विचारलं तर आप्पा म्हणाले, "कडबा लई महागला, मालक. संध्याकाळी एक पेंढी टाकतो. पोट सुटलं तर वरातीत बरं दिसत नाही."

इथं घोड्याच्या पोटाची गोष्ट सांगायला हवी. मोकळा घोडा दिवसाचे सोळा-सोळा तास चरतो, आणि त्याच्या जठरात आम्ल चोवीस तास झरतं, खाणं असो वा नसो. ते मारायला लाळ लागते, आणि घोड्याला लाळ सुटते ती चावताना. दाणा दहा मिनिटांत संपतो, म्हणजे लाळ दहा मिनिटांची आणि आम्ल दिवसभराचं. जठराच्या वरच्या भागाला त्यापासून फारसं संरक्षण नसतं, तिथं व्रण पडतात. तसा घोडा तंग आवळला की चिडतो. भरीस भर म्हणजे पाय दुखतो म्हणून आप्पांनी मेडिकलमधून वेदनाशामक आणून तीन आठवडे चारलं होतं. त्यानंही व्रण वाढतात.

आत बघायला तीन मीटर लांबीची दुर्बीण लागते. ती माझ्याकडे नाही. लक्षणांवर भिस्त ठेवली आणि आम्ल कमी करणारं ओमेप्राझोल सुरू केलं.

आणखी एक गोष्ट बोलता बोलता निघाली. शेजारच्या बोळात आप्पांच्या भावाची दोन घोडी आहेत. आधी तिन्ही एकत्र होती. "बघून शिकतील म्हणून हिला वेगळी काढली." बघून शिकतात याला भक्कम आधार नाही, पण कळपातल्या जनावराला एकटं भिंतीकडे तोंड करून उभं केलं की खोडी वाढतात, हे नक्की. म्हणजे घरच्यांनीही, माझ्यासारखंच, रोगावर रोगच दिला होता.

आप्पांचे आजोबा स्टेशनवर टांगा चालवायचे. आप्पांच्या आई ओट्यावर बसून सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "सासऱ्यांच्या घोड्यानं कधी लाकूड नाही चावलं. दिवसभर पळायचा, थांबला की तोबऱ्यात तोंड." मी सात महिन्यांपूर्वी त्यांच्याशी बोलायला हवं होतं.

वेदनाशामक बंद केलं. पट्टा परत बांधू नका म्हणालो. गूळ बंद, चंदी निम्मी, तीही दोन-तीनदा विभागून. साडेतीनशे किलोच्या घोडीला दिवसाला किमान सहा किलो कोरडा चारा, बारीक भोकांच्या जाळीत, म्हणजे पुरवून पुरवून खाईल. थोडा लसूणघास. पहाटे तासभर मोकळं फिरवणं, आणि भावाच्या घोड्यांशेजारी मुक्काम. आप्पांनी हिशोब केला आणि चेहरा पाडला. मी म्हटलं, दोन तारखा गेल्या त्याचे किती गेले? त्यावर ते काही बोलले नाहीत.

चार आठवड्यांनी गेलो तर तंग ओढताना घोडी नुसतं शेपूट झटकत होती. नाडी ३६. वारा पिणं बरंच कमी झालं होतं, पण गेलं नव्हतं. एवढी मुरलेली खोड पुरती जात नाही, हे मी आप्पांना आधीच सांगून ठेवलं होतं. विकायचा विषय निघाला नाही. जुनी फळी चावून चावून फुटली होती, खिळे वर आले होते. आप्पांनी ती काढून बाभळीचा ओंडका तासून, गुळगुळीत करून बसवला होता.

"चावायचंच तर नीट चावू दे," म्हणाले.