उत्तरपत्रिकेतला अर्धा गुण

ठाण्यात नौपाड्यातील एका मराठी शाळेत मी १९ वर्षे नववी-दहावीला बीजगणित शिकवते आहे, आणि त्यातली बहुतेक वर्षे √४९ म्हणजे ±७ असे मी बेधडक फळ्यावर लिहीत आले.

गेल्या जुलैत वर्गसमीकरणांवरच्या चाचणीचे पेपर वाटून झाल्यावर एक मुलगी टेबलाशी आली. √४९ ची किंमत तिने ७ अशी लिहिली होती आणि मी लाल शाईने त्या ७ च्या आधी ± घालून अर्धा गुण कापला होता. गुण वाढवून मागायलाच आली असेल असे समजून मी तिला ऐकवले की −७ चा वर्गही ४९च होतो, आणि वर भास्कराचार्यांचा दाखला दिला, कारण धन संख्येचे मूळ धनही असते आणि ऋणही, हे त्यांनी बाराव्या शतकातच सांगून ठेवले आहे. तिने ते मान्य केले. मग वही उघडून मीच आदल्या आठवड्यात सोडवून दिलेले क्ष² − ६क्ष + ५ = ० हे उदाहरण तिने माझ्यापुढे धरले. तिथे मुळे काढण्याच्या सूत्रात √ च्या आत येणाऱ्या बी वर्ग वजा चार एसीची किंमत १६ आली होती, आणि (६ ± √१६) ÷ २ असे लिहून मी ५ आणि १ ही मुळे काढली होती.

"बाई, √१६ मध्येच अधिक-उणे दोन्ही असतील, तर सूत्रात त्याच्याआधी ± पुन्हा कशाला लिहायचं?"

मला उत्तर सुचले नाही. घंटा झाली म्हणून सुटले, एवढेच.

संध्याकाळी वाशीच्या गाडीत बसल्यावर एका कोऱ्या पुरवणीवर मी √९ + √१६ लिहिले. माझ्या नियमाने त्याची उत्तरे ७, १, −१ आणि −७ अशी चार निघत होती, आणि जिची किंमतच एक ठरत नाही अशा राशीची बेरीज तरी कशी करायची, हे ऐरोली येईपर्यंत मला पुरते उमगले. ४९ ला वर्गमुळे दोन आहेत, हे भास्कराचार्यांचे म्हणणे बरोबरच. परंतु √ हे चिन्ह त्यांपैकी फक्त धन मुळासाठी राखलेले आहे, आणि ऋण मूळ हवे असल्यास −√४९ असे वेगळे लिहावे लागते. क्ष² = ४९ सोडवताना ± लागते ते समीकरणाच्या दोन उकली असतात म्हणून. नववीला संख्यारेषेवर √२ दाखवताना मी दरवर्षी एकच बिंदू, तोही शून्याच्या उजवीकडे, काढत आले होते, आणि तरीही मला कधी शंका आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला चूक फळ्यावर मांडून मी पेपर परत मागवले आणि नुसते ७ लिहिणाऱ्या पाच जणांना अर्धा गुण वाढवून दिला. ±७ लिहून पूर्ण गुण मिळवलेला एक मुलगा मात्र पेपर छातीशी धरून जागचा हलेना.

"बाई, तुम्हीच तसं सांगितलं होतंत."

त्याच्या गुणांना मी हात लावला नाही. ± भोवती फक्त एक गोल काढून पेपर त्याला परत दिला.