सणाचं नको, मंगळवारचं आण

नेदरलँड्समधल्या आइंडहोवन गावातल्या आमच्या जेवणाच्या बैठकीला एकच नियम आहे. घरी त्या दिवशी जे शिजलंय तेच डब्यात भरून आणायचं, वेगळं काही करायचं नाही. श्रीखंड, पुरणपोळी, बिर्याणी, पनीरचा कुठलाही प्रकार चालत नाही. एकदा कुणीतरी गुलाबजाम आणले, तर निपाणीच्या काकांनी ‘लग्न कुणाचं?’ असं विचारून डबा तसाच परत पाठवला. जरा जास्तच झालं ते. पण त्यानंतर कुणी गोड आणलं नाही.

असा नियम का करावा लागला ते सांगते. परदेशात मराठी माणसं जमली की ताट सणाचंच असतं. गणपतीला मोदक, संक्रांतीला गूळपोळी, दिवाळीला फराळ. हॉल, वर्गणी, आणि पानात पुण्या-मुंबईकडचं जे ठरून गेलेलं आहे ते. त्याला नावं ठेवायची नाहीत, चवीनं खातो आम्ही. पण मोदक खाऊन घरी आलेल्या बेळगावच्या माणसाला रात्री साडेनऊला मसुराची आमटी आणि भात का आठवतो, हे त्या हॉलमध्ये कुणाला विचारायची सोय नव्हती. मग बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाककडची मोजकीच घरं मंगळवारी संध्याकाळी एकत्र बसायला लागली. चंदगडचं एक जोडपंही आहे. नकाशात ते महाराष्ट्रात, बाजाराला मात्र बेळगावात, त्यामुळे त्यांना कुणी परकं मानत नाही.

पहिल्या काही बैठकांतच लक्षात आलं की आपण सगळे ‘एकाच भागातले’ म्हणतो, पण डबे उघडले की तसं दिसत नाही. सीमाभाग म्हटलं की बाहेरच्यांना फक्त भाषेचा वाद आठवतो. १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव तिकडं, आजच्या कर्नाटकात गेलं, ते प्रकरण आमच्याही घराघरात आहे आणि एक नोव्हेंबरला, त्या पुनर्रचनेच्या दिवशी, आमच्या बैठकीतही आवाज चढतात. ताटातली रेघ मात्र पावसानं ओढलेली आहे. पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीकडं सह्याद्रीचा धो धो पाऊस, तिथं भात. पूर्वेला गोकाक, सौंदत्ती, अथणीकडं पाऊस रोडावतो, जमीन काळी, तिथं ज्वारी. एकाच जिल्ह्यात, दोन-तीन तासांच्या एसटी प्रवासात भाकरी पांढऱ्या तांदळाची होते, नाचणीची होते, ज्वारीची होते आणि शेवटी कडक वाळवलेली होते. त्या रेघेच्या एका बाजूचं मराठी घर आणि कन्नड घर जवळपास तेच जेवतं. दोन बाजूंची दोन मराठी घरं मात्र एकमेकांच्या डब्याकडं बघून ‘हे काय गे?’ विचारतात.

खानापूरकडच्या नंदगडच्या वहिनी कुळथाची पिठी आणतात. पातळ, आमसूल घातलेली, भातावर ओतली की ताटभर पसरते. गोकाकची मैत्रीण (घरी कन्नड बोलते, आमच्याशी फर्डं मराठी) ती पहिल्यांदा खाताना थोडा वेळ गप्पच होती. तिच्या घरी हुलगे (म्हणजे कुळीथच) म्हणजे घट्ट उसळ किंवा पिठाचं पातळ माडगं, तेही आजारपणात. उलट तिनं अंबाडीची भाजी आणली तेव्हा वहिनींनी घासागणिक तोंड वाकडं केलं. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वरून लसणाची भरपूर फोडणी. आता त्याच वहिनी दर आठवड्याला विचारतात, अंबाडी मिळाली काय?

इथं मिळतं काय, हा प्रश्न घरून येणाऱ्या प्रत्येक फोनवर असतो, म्हणून लिहिते. पालेभाज्यांना आमचा आधार सुरीनामी दुकानांचा. १८७३ मध्ये ‘लाला रूख’ नावाचं पहिलं जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत, सुरीनामला गेलं. बहुतेक माणसं बिहार आणि उत्तर प्रदेशकडची. १९७५ ला सुरीनाम स्वतंत्र झाला त्या सुमारास त्यांच्या पुढच्या पिढ्यांतली हजारो कुटुंबं नेदरलँड्सला आली, आणि येताना आपली भाजीही घेऊन आली. हातभर लांब चवळीच्या शेंगा, कारली, माठाच्या जातीचा पाला, अळूसारखी मोठी पानं हे सगळं त्यांच्याकडं असतं. काउंटरवरच्या मावशी भोजपुरीच्या वळणाची हिंदी बोलतात, आपण मराठीच्या वळणाची, भाव डचमध्ये ठरतो.

ताक मात्र कुठल्याही साध्या दुकानात डब्यात मिळतं. डच लोक जेवताना ते ग्लासभर पितात. घट्ट आणि चांगलं आंबट, त्यामुळे नाचणीची आंबील त्यावर छान होते. जवस तर पोत्यानं मिळेल, हा देशच पूर्वीपासून जवस पिकवणारा, तेव्हा जवसाच्या चटणीची आबाळ नाही. कारळ्यांची गोष्ट वेगळी. ते इथं पक्ष्यांच्या खाद्यात विकतात, माणसांच्या फळीवर नसतात. आमच्यातल्या एकानं तेच आणून चटणी करू या असं सुचवलं होतं. त्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं.

आणि घोळ! घोळीची भाजी इथं उन्हाळ्यात मिळते हे मला शेजारच्या आजीबाईंमुळे कळलं. ऐंशीच्या पुढच्या आहेत. इथं न सांगता कुणाच्या दारात जायची पद्धत नाही, जेवायच्या वेळी तर मुळीच नाही, आणि जेवायची वेळ संध्याकाळी सहा. पण माझ्या पिशवीतली जुडी बघून त्या आपणहून थांबल्या. तुर्की दुकानातून आणलेली घोळ होती ती. त्यांची आई ती लोण्यावर परतायची म्हणे, आता तरुण पोरांना ओळखूही येत नाही. आपल्याकडं भाताच्या बांधावर फुकट उगवते हे मी त्यांना सांगितलं, तर त्यांनी किलोचा भाव विचारला. त्या मंगळवारी घोळीची डाळ घातलेली पातळ भाजी मी एका वाटीतून त्यांच्याकडं पोचवली. वाटी दोन दिवसांनी आली, धुऊन, पुसून, कोरडी.

आमच्या बेळगावातल्या शहापुरातल्या गल्लीत अशी रिकामी वाटी परत गेली असती तर आईनं मला परत उलट्या पावली धाडलं असतं. वाटी रिकामी द्यायची नाही. काहीच नसेल तर चिमूटभर साखर, चार शेंगदाणे, पण काहीतरी घालायचंच. समोर विणकरांची घरं, शेजारी लिंगायत आजी, पलीकडं सारस्वत कुटुंब. दुपारी अकरा ते एक या वेळात गल्लीत पदराखाली झाकलेल्या वाट्यांची नुसती ये-जा. कुणाकडं काय शिजलंय ते कुणी विचारत नसे, वासावरून कळायचं. आजींची एण्णगाई, म्हणजे आपलंच भरलं वांगं, पण तेल वर तरंगणारं आणि तीळ-कारळ्यांनी काळपट झालेलं, आमच्याकडं येई, आमच्याकडून मसूर जाई. भात निघाल्यावर येळ्ळूर-वडगाव-शहापूरच्या शिवारात त्याच ओलीवर मसूर घेतात. बेळगावच्या माणसाला त्याचा अभिमान बेळगावी बासमतीइतकाच असतो आणि तो लपवत नाही. इथल्या बैठकीत मला जे आवडतं ते हेच, वाट्या फिरतात. फक्त पदराऐवजी सायकलच्या पिशवीतून.

भाकरीचं मात्र स्वतंत्र लिहायला हवं.

जुलै २०१८ पासून नेदरलँड्समध्ये नव्या घरांना गॅसची जोडणी देत नाहीत. हवामानाचं कारण आहेच, शिवाय उत्तरेत ग्रोनिंगनला गॅस उपसून उपसून भूकंपाचे धक्के बसायला लागले होते. ते क्षेत्र २०२४ मध्ये कायमचं बंद झालं. धोरण म्हणून उत्तम. पण भाकरीला जाळ लागतो. तव्यावर दोन्ही बाजू भाजून झाल्या की शेवटी ती उभ्या जाळाकडं झुकवावी लागते, तेव्हा ती टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो. इंडक्शनवर तिचा जाड, गप्प पोळा होतो. आमच्यात जुन्या घरात राहणारं, गॅस असलेलं कुटुंब एकच, चिकोडीचं. म्हणून बैठक कायम त्यांच्याकडं. बाकी सगळे भाज्या आणतात, भाकऱ्या तिथं होतात.

दुसरी अडचण पिठाची. दुकानात ज्वारीचं पीठ असतं, पण ते कधी दळलंय देव जाणे. विरी गेलेलं पीठ. थापायला घेतलं की कडा फाटतात, उचलायला गेलं की दोन तुकडे हातात. चिकोडीच्या काकू पाणी चांगलं उकळून पिठाच्या मधोमध ओततात, उलथन्यानं हलवून झाकून ठेवतात आणि हाताला सोसेल एवढं निवलं की मळायला घेतात. मळणं म्हणजे अक्षरशः रगडणं, तळहाताच्या टाचेनं परातीत पुढं ढकलत, एका भाकरीपुरताच गोळा, एका वेळी एकच. सगळं पीठ एकदम मळून ठेवणाऱ्यांकडं त्या ज्या नजरेनं बघतात ती बघण्यासारखी असते. मग परातीत कोरडं पीठ भुरभुरून थाप, थाप, थाप, भाकरी आपोआप गोल फिरते, आणि तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर. तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा तो नेमका कधी, ते त्यांना सांगता येत नाही. ‘दिसतंय की,’ म्हणतात. मला अजून दिसत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्यातली तीन घरं एकाच वेळी गावी होती, तेव्हा आम्ही ठरवून एकमेकांच्या घरी जेवायला गेलो. अट तीच, आमच्यासाठी म्हणून काही करू नका. हे घरच्यांना पटवणं सगळ्यात अवघड. वहिनींच्या सासूबाई फोनवर म्हणाल्या, ‘फॉरेनहून माणसं यायलीत आणि नुसती पिठी वाढू व्हय? लोक काय म्हणतील?’ शेवटी तडजोड झाली. पिठी, उकड्या तांदळाचा भात, तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी, आणि ‘कुणी म्हणायला नको’ म्हणून पापड. बाहेर पाऊस असा, की अंगणातलं बोललेलं ओसरीवर ऐकू येत नव्हतं. जेवणाबद्दल कुणी एक शब्द काढला नाही, सगळे खातच होते.

गोकाकला ऊन होतं. दोन दिवसांत तोच जिल्हा, आणि छत्री पिशवीतून बाहेर निघालीच नाही. मैत्रिणीच्या आजीनं ‘ऊट आतेनु?’ (जेवण झालं का?) विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ताटं मांडली. बुट्टीत फडक्यात गुंडाळलेली कडक भाकरीची चवड, महिनाभर टिकणारी, पापडासारखी मोडणारी. दही, शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, मसुराची घट्ट उसळ, आणि बाजूला कच्ची मेथी, मुळा, कांद्याची पात, तशीच, न चिरता. मेथी कच्ची खायची हे पाहून खानापूरच्या पाहुण्यांनी एकमेकांकडं बघितलं. शेंगदाण्याची चटणी आजीनं आमच्यासमोर कुटली. शेंगदाणे भाजून, फोलपटं पाखडून, लसूण, मीठ आणि तिखटाबरोबर उखळात. मुसळाच्या घावानं तेल सुटत जातं आणि चटणी कोरडी असूनही मुठीत दाबली तर गोळा होते. मिक्सरमध्ये तिचा भुगा होतो, त्यात ती गोष्ट नाही. तिखट ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्यांचं मिसळून, पहिली रंगाला, दुसरी जिभेला. ही चटणी आमच्या शहापुरात अगदी अशीच करतात, आणि मी इतकी वर्षं तिला आमच्या घरची समजत होते.

आता थोडं कामाचं. घरून कुणी इकडं यायला निघालं की नातेवाईक कुंदा पाठवतात. त्यांची माया कळते, पण युरोपात बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, आणि कुंदा म्हणजे दुधाशिवाय दुसरं काय? विमानतळावर उघडायला लावलं तर डोळ्यांदेखत कचऱ्यात जातो. बेळगावी लोण्याचंही तेच. ताजा भाजीपालाही प्रमाणपत्राशिवाय येत नाही, तेव्हा रताळी पाठवायचा हट्ट कृपा करून सोडा. इथली नारिंगी आणि पाणचट आहेत हे खरं, पण आम्ही निभावून नेतो. गोकाकचं करदंट, म्हणजे डिंक-सुक्यामेव्याची मिठाई, येतं, पण बैठकीत ते आणायची सोय नाही, काका बसलेले असतात.

पाठवायचंच असेल तर उन्हाळ्यात डंकावरून कांडून आणलेली वर्षाची चटणी पाठवा, दोन पिशव्यांत घालून, तोंड घट्ट बांधून, नाहीतर बाकीच्या कपड्यांना वर्षभर लसणाचा वास येतो. कारळ्याची चटणी घरी कुटूनच द्या. आणि मसूर येळ्ळूरचाच बघा. बाजारात दुकानदार सगळ्यालाच येळ्ळूरचा म्हणतो, एक दाणा चावून मग घ्या.