रिटायरमेंटच्या पैशात बॉण्ड घ्यावे का? माझा अनुभव

रिटायरमेंटला चारेक वर्षं उरली तेव्हा सगळा हिशोब पहिल्यांदा नीट वहीत मांडला. ईपीएफ, थोडं पीपीएफ, आणि बाकी सगळं इक्विटी, म्हणजे शेअर्सच्या फंडात, ते इतके वाढलेत की निम्म्याच्या वर पैसा तिथेच. ऑफिसात सगळ्यांचं एकच, बॉण्ड, म्हणजे सरकारला किंवा कंपनीला ठरलेल्या मुदतीसाठी व्याजाने दिलेलं कर्ज, ते कशाला, एसआयपी चालू ठेव.

पण आमचे भावोजी रिटायर झाले २०२० च्या सुरुवातीला, आणि २३ मार्चला सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० च्या वर पॉइंट पडला. मार्केट नंतर सावरलं हो, पण घरखर्चाला पैसे त्यांना तेव्हाच लागत होते, पडत्या भावात फंडाचे युनिट विकावे लागले आणि विकलेले युनिट गेले ते गेलेच. म्हणून मला बॉण्डकडून जास्त रिटर्न नकोच होता, रिटायर झाल्यावर पहिली चार-पाच वर्षं इक्विटीला हात लावायची वेळ येऊ नये एवढंच हवं होतं.

एका ओळखीच्या एजंटने ११ टक्क्यांचे कंपनी बॉण्ड आणले. मिसेसनी सरळ विचारलं, "अहो, एवढं व्याज द्यायला तयार आहेत, मग बँक का देत नाही यांना कर्ज?" मला तो मुद्दा शंभर टक्के पटला. २०२० मध्येच येस बँकेचे ८,४१५ कोटींचे एटी-वन बॉण्ड, म्हणजे बँक अडचणीत आली तर ज्यांचे पैसे बुडू शकतात असे, राइट ऑफ होऊन शून्य झाले होते, एफडीसारखेच समजून घेतलेले कित्येक सिनियर सिटिझन त्यात अडकले. म्हातारपणाच्या पैशात असली रिस्क मला अजिबात मान्य नाही.

रिझर्व्ह बँकेचे फ्लोटिंग रेट, म्हणजे बदलत्या व्याजाचे बॉण्ड ८.०५ टक्के देत होते, पण सात वर्षं लॉक, आणि मुदतीआधी पैसे काढायची सोय साठीच्या पुढच्यांनाच, म्हणून तेही सोडले. डेट फंडात, म्हणजे बॉण्डमध्ये पैसे लावणाऱ्या फंडात, एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गुंतवणुकीला इंडेक्सेशन, म्हणजे महागाई वजा करून टॅक्स लावायची सवलत नाही, टॅक्स स्लॅबप्रमाणेच, म्हणून तेही नको.

शेवटी आरबीआय रिटेल डायरेक्टवर, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्याच पोर्टलवर खातं उघडलं. फी काही नाही, पॅन, बँक खातं आणि केवायसी झालं की दहा हजारांपासून सरकारी बॉण्ड ऑक्शनमध्ये घेता येतात. नीट समजून घ्यायला वेळ लागला तो भावाचा प्रकार. ७.१० टक्क्यांचा बॉण्ड म्हणजे शंभरामागे दर सहा महिन्यांनी ३.५५ रुपये, ते ठरलेलेच, पण बाजारात व्याजदर आठवर गेला तर नवे बॉण्ड जास्त व्याज देतात, म्हणून त्याच दहा वर्षांच्या बॉण्डचा भाव साधारण ९४ वर येतो. मुदतीपर्यंत ठेवला तर पूर्ण शंभर मिळतात, मधेच विकायचा तर छोट्या रकमेला गिऱ्हाईक सहज सापडत नाही. म्हणून मी रिटायरमेंटनंतरच्या एकेका वर्षात मॅच्युअर होणारे वेगवेगळे बॉण्ड निवडले, वर्षाच्या खर्चाएवढेच, कारण व्याजावर आत्ता ३० टक्के टॅक्स जातो आणि सात टक्क्यांचे हातात पाचच्या आसपास राहतात. या बॉण्डसाठी पैसा आत्ताच, रिटायर व्हायच्या आधी, इक्विटीतूनच काढतोय, पण दरवर्षी सव्वा लाखापर्यंतचा नफा टॅक्स-फ्री आहे तेवढ्याच बेताने.

ईपीएफचे पैसे हातात आले की त्यातले जास्तीत जास्त, म्हणजे तीस लाख, सरकारच्या सिनियर सिटिझन सेव्हिंग स्कीममध्ये टाकायचे ठरलंय, अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर होणाऱ्याला त्यासाठी पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांची मुदत असते.